काटा लालमध्ये!

गाडी रस्त्यात तापली की उपाय सांगणारे दहा जण जमतात. 'कधी तापते?' हे मात्र कुणीच विचारत नाही. दोन गॅरेज, एक एसीवाला आणि चार हजार सहाशे रुपये खर्च झाल्यावर हा प्रश्न विचारणारा माणूस मला भेटला. चक्क भांडुपमध्ये!

शुक्रवार. संध्याकाळचे साडेसात. मे महिना. जेव्हीएलआर.

मुंबईकरांना याच्यापुढे काही सांगायची गरज नाही. तरी सांगते. अंधेरी ईस्टची मीटिंग आटपून मी मुलुंडला निघाले होते, मावसबहिणीच्या केळवणाला. शेजारच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर मिठाईचा बॉक्स, मागच्या सीटवर माझा लॅपटॉप आणि दोन अर्धवट लिहिलेले लेख. सीप्झपासून पवईपर्यंत यायला पन्नास मिनिटं लागली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे बस आणि उजवीकडे मेट्रोचे पत्रे.

आई म्हणाली, "अगं, एसीतून गरम हवा येतेय."

"ट्रॅफिकमध्ये असंच होतं गं," मी म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा, मंडळी. पुढे त्याची किंमत मोजायची आहे.

आयआयटीचं मेन गेट दिसायला लागलं आणि माझं लक्ष डॅशबोर्डकडे गेलं. एरवी मधोमध शहाण्यासारखा बसणारा टेम्परेचरचा काटा वर सरकत होता. मी बघत असतानाच तो लाल पट्टीला टेकला. बोनेटच्या कडेने वाफेची एक बारीक रेघ निघाली. आईने मिठाईचा बॉक्स छातीशी धरला. मी पार्किंग लाइट लावले, मागच्यांचे हॉर्न ऐकत गाडी कशीबशी डावीकडे घेतली आणि इंजिन बंद केलं.

या एका गोष्टीसाठी मी स्वतःला शंभरपैकी शंभर मार्क देते. बाकी सगळ्यात नापास.

"मॅडम, हात मत लगाओ!"

मुंबईत गाडी बंद पडली की तुम्ही एकटे कधीच नसता. दोन मिनिटांत चार सल्लागार हजर! एकाचं म्हणणं, "पाणी टाका." दुसरा म्हणाला, "इंजिनवर पाणी ओता." तिसऱ्याला बॅटरीचा संशय. फोनवर बाबा होते, त्यांचाही तोच मंत्र, "रेडिएटरचं झाकण उघड, पाणी टाक, निघ."

बाबांचं चूक नव्हतं, त्यांचा जमाना वेगळा होता. त्यांनी गाडी शिकली ती प्रीमियर पद्मिनीवर. आपल्या कुर्ल्यात बनलेली गाडी ती. तिच्या कंपनीचं नाव तिथल्या प्रीमियर रोडला अजून चिकटलेलं आहे. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, पण ज्यांनी ती चालवली त्यांच्या डोक्यातून ती काही निवृत्त झालेली नाही. एक्स्प्रेस वे व्हायच्या आधी पुण्याला जाताना खंडाळ्याचा घाट चढायचा म्हणजे डिकीत पाण्याचा कॅन हवाच. मध्येच थांबायचं, बोनेट उघडायचं, ओलं फडकं टाकायचं, इंजिन 'शांत' होईपर्यंत वडापाव खायचा, मग पाणी भरून पुढे. गाडी तापणं हा प्रवासाचाच भाग होता. वैतागायचं कशाला?

मी बोनेट उघडलं, ओढणी हाताला गुंडाळली आणि झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, हात मत लगाओ! मुँह जल जाएगा!" एक रिक्षावाला. रिक्षा तशीच सोडून धावत आला होता.

तो खरंच देवासारखा आला, हे मला नंतर कळलं. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नसतं, ती कुकरची शिटी असते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. पण झाकणाच्या दाबाखाली असलेलं कूलंट मिसळलेलं पाणी १२० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. मुद्दाम तशीच योजना असते. आता अशा गाडीचं झाकण उघडलं तर काय होईल? दाब एका क्षणात जातो, आतल्या द्रवाची तिथल्या तिथे वाफ होते आणि उकळतं कूलंट सरळ तोंडावर येतं. शिटी न काढता कुकर उघडायला कुणी जात नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण जातो.

आम्ही पाऊण तास थांबलो. रिक्षावाल्याने सांगितल्याप्रमाणे, झाकणाला हात लावून चटका बसत नाही असं झाल्यावरच पाण्याची बाटली वापरली. केळवणाला पोचलो तेव्हा श्रीखंड संपलं होतं.

गॅरेज नंबर एक, दोन आणि तीन

दुसऱ्या दिवशी मी गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने बोनेट उघडलं, बाटलीत डोकावला आणि म्हणाला, "कूलंट कम था." टॉप-अप केलं. सहाशे रुपये. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

आठ दिवसांनी घाटकोपरला, श्रेयसच्या सिग्नलला, काटा पुन्हा वर. या वेळी मी शहाणी झाले होते. लाल पट्टीच्या आधीच थांबले. दुसऱ्या गॅरेजवाल्याने रेडिएटर काढून धुतला आणि एक छोटा पितळी वॉल माझ्या हातात ठेवला. "ये निकाल दिया. थर्मोस्टॅट. बम्बई में इसका कोई काम नहीं, ये ठंडे मुल्क का आयटम है." दोन हजार दोनशे रुपये. मी तो वॉल पर्समध्ये ठेवला, एखाद्या काढलेल्या दाढेसारखा.

मधल्या काळात एसीवाल्याकडेही एक फेरी झाली. सिग्नलला एसी गरम हवा मारतो, गाडी पळायला लागली की थंड होतो, अशी तक्रार सांगितली. त्याने गॅस भरला. अठराशे रुपये. सिग्नलला एसी गरमच.

तिसऱ्या वेळी गाडी मरोळला तापली. तिथल्या गॅरेजमधल्या माणसाने बोनेट धड उघडलंही नाही. "हेड गया, मॅडम. इंजिन खोलना पडेगा." खर्च? "अडतीस हजार पकड के चलो. खोलने के बाद पता चलेगा."

अडतीस हजार! फ्रीलान्सर मंडळींना मी वेगळं सांगायला नको. आपण लेख देतो मार्चमध्ये, चेक येतो जूनमध्ये आणि गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जातो. माझी गाडी नऊ वर्षांची, सेकंड-हॅण्ड. तिच्या इंजिनावर अडतीस हजार घालायचे की ती तशीच विकून पुन्हा लोकलला लटकायचं? आईचं मत स्पष्ट होतं, "विकून टाक ती पीडा." मी जवळजवळ तयार झाले होते. गाडी विकायला काढली असती, तर घेणाऱ्याला 'तापते' हे सांगायचं की नाही, इथपर्यंत विचार गेला होता. खोटं कशाला बोला?

भांडुपचे काका

शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी भांडुपच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. स्टेशनच्या मागच्या गल्लीत, पत्र्याचं शेड, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, एक मांजर आणि साठी ओलांडलेले मालक. मूळचे सावंतवाडीकडचे. मी गेले आणि सवयीने बोलायला लागले, "काका, कूलंट भरून झालं, थर्मोस्टॅट काढून झाला, रेडिएटर..."

त्यांनी हात वर केला. "काय केलंत ते नंतर सांगा. गाडी तापते कधी?"

"म्हणजे?"

"म्हणजे कधी? सिग्नलला की हायवेला? सकाळी की दुपारी? निघाल्यावर पाच मिनिटांत की तासाभराने? आणि तापल्यावर पुढे चालवली तर काटा वर जातो की खाली येतो?"

मी गप्प. मग आठवायला लागले. पवई, श्रेयस सिग्नल, मरोळ. तिन्ही वेळा ट्रॅफिक. मधल्या काळात मी एकदा लोणावळ्याला जाऊन आले होते, तेव्हा काटा हललासुद्धा नव्हता. सकाळी सहाला विमानतळावर मैत्रिणीला सोडलं होतं, तेव्हाही नाही.

"आणि एसी?" काकांनी विचारलं.

"त्याचा काय संबंध? तो वेगळाच प्रॉब्लेम आहे, काका. सिग्नलला गरम हवा येते, गाडी चालली की थंड..."

काका हसले. "वेगळा नाही, बाय. तोच."

पुढच्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते माझ्या मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. आपण भरतो त्या पेट्रोलच्या ऊर्जेतला जेमतेम एक तृतीयांश भाग गाडी ओढायच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णता बाहेर टाकावी लागते. काही सायलेन्सरवाटे जाते, काही कूलंट उचलतं. कूलंट इंजिनात फिरून गरम होतं, रेडिएटरमध्ये येतं आणि तिथे हवेवर थंड होऊन परत जातं. गाडी पळत असते तेव्हा ही हवा समोरून फुकट मिळते. गाडी उभी राहिली की हवा बंद! मग ती ओढायला रेडिएटरमागे एक इलेक्ट्रिक पंखा असतो. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढेच बसवलेली असते. म्हणजे तिलाही हवा देणारा पंखा तोच. पंखा बंद पडला तर सिग्नलला एसीही मरणार आणि इंजिनही तापणार. गाडी पळायला लागली की दोघांनाही बरं वाटणार.

एसीवाल्याला मी एसीची तक्रार सांगितली होती आणि इंजिनवाल्याला इंजिनची. दोन्ही तक्रारी एकत्र कुणालाच सांगितल्या नव्हत्या.

"एसी लावा," काका म्हणाले. लावला. "आता पंखा बघा." बघितला. ढिम्म. एसी लावल्यावर थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. ही टेस्ट करायला ना स्कॅनर लागतो ना पैसे. तीन ठिकाणी गाडी नेली, ही टेस्ट कुणीच केली नव्हती.

मग काका क्रमाने गेले. आधी पंख्याचा फ्यूज. शाबूत. मग रिले. त्यांनी हॉर्नचा तसाच रिले काढून पंख्याच्या जागी लावून पाहिला, तरी पंखा नाही. म्हणजे रिलेही निर्दोष. मग पंख्याचा प्लग काढून दोन वायरींनी थेट बॅटरीचा करंट दिला. पंखा नुसता थरथरला. पान्याने मोटरवर हलकेच टकटक केलं, तेव्हा मरगळल्यासारखा दोन फेरे फिरला आणि थांबला. "आतले कार्बन गेले," काका म्हणाले. "मोटर बदलायची. बास."

पण त्यांनी तिथेच थांबून पैसे घेतले नाहीत. गाडी तीनदा तापलेली, तेव्हा हेडला काही झालंय का हे बघायलाच हवं, असं म्हणाले. इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी चालू केली आणि सतत बुडबुडे येतात का ते पाहिलं. ऑइलचं झाकण उघडून आतून चहाच्या रंगाचा फेस आहे का ते पाहिलं. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो का, तेही पाहिलं. काहीच नाही. हेड सहीसलामत! मरोळचे अडतीस हजार वाचले होते.

मी पर्समधून थर्मोस्टॅट काढला. काकांनी तो हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. हा वॉल इंजिन गार असताना बंद राहतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. आत मेण असतं, ते वितळून फुगलं की दार उघडतं. इंजिनाला एका ठरावीक गरमीतच काम करायचं असतं. वॉल काढला की हायवेवर इंजिन धड गरमच होत नाही. पेट्रोल जास्त जातं, इंजिन झिजतं आणि सिग्नलला तापायचं ते तापतंच. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं ते! काकांनी नवा वॉल बसवला, जुनं पाणी काढून आतून फ्लश केलं आणि नवं कूलंट भरलं. सगळं मिळून सहा हजार दोनशे रुपये. पावतीसकट.

'कधी'चं गणित

निघताना मी वही काढली. काका सांगत गेले, मी लिहीत गेले. तुमच्या गाडीलाही लागू आहे, तेव्हा कात्रण काढून ठेवा.

सिग्नलला तापते, पळाली की उतरते? पंखा बघा. फ्यूज, रिले, मोटर, सेन्सर, याच क्रमाने. स्वस्तातल्या गोष्टी आधी.

शहरात ठीक, पण हायवेवर किंवा घाटात तापते? तिथे हवा भरपूर आहे, म्हणजे पाणी नीट फिरत नाही किंवा थंड होत नाही. रेडिएटर आतून गंजाने नाही तर बाहेरून कचऱ्याने चोंदलाय, 'वॉटर बॉडी' म्हणजे पाण्याचा पंप थकलाय किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय.

सकाळी निघाल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, कूलंट जवळपास संपलंय किंवा नुकतंच काम करताना आत हवा अडकून राहिलीय.

सारखं पाणी भरावं लागतं? मग पाणी भरत बसू नका, ते जातं कुठे ते शोधा. पार्किंगमध्ये रात्री पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी रंगीत डाग दिसला तर होज पाइप, त्याची क्लिप, रेडिएटर किंवा पंप. फक्त एसीचं पाणी समजून घाबरू नका, ते स्वच्छ आणि बिनरंगी असतं. बाहेर डाग नाही, पण पुढचा कार्पेट ओलसर आणि आत गोडसर वास? हीटरची जाळी. कुठेच काही नाही आणि तरी पाणी कमी होतंय? तेव्हा कुठे हेड गास्केटचं नाव घ्यायचं.

बघा, अडतीस हजारांचं निदान यादीत सगळ्यात शेवटी आलं. माझ्याकडे ते पहिल्या मिनिटात आलं होतं.

आणि काटा खाली आला...

माझी गोष्ट गोड झाली. माझ्या बोरिवलीच्या मित्राची नाही झाली.

रविवारी रात्री तो ठाण्याहून घोडबंदर रोडने घरी येत होता. गायमुखच्या घाटात काटा चढायला लागला. सोमवारी सकाळी नऊला क्लायंट प्रेझेंटेशन, मागे बायको आणि झोपलेलं बाळ. अंधारात, घाटात थांबायचं कसं? त्याने ठरवलं, हळूहळू जाऊ. काजूपाड्याच्या आसपास काटा पूर्ण लाल. आणि मग चमत्कार झाला. काटा अचानक खाली यायला लागला! तो खूश. "उतरली बघ," असं बायकोला म्हणालासुद्धा. त्याच खुशीत तो फाउंटनवरून हायवेला लागला, दहिसर चेकनाका ओलांडला आणि बोरिवलीच्या फ्लायओव्हरच्या तोंडाशी इंजिनातून लोखंड घासल्यासारखा आवाज आला. गाडी बंद. पुन्हा चालू झालीच नाही.

होज पाइप फुटला होता. सगळं कूलंट घाटातच सांडलं होतं. टेम्परेचरचा सेन्सर कूलंटची गरमी मोजतो. कूलंटच उरलं नाही तेव्हा तो कोरडा पडला आणि वाटेल तो आकडा दाखवायला लागला. काटा खाली आला होता, कारण मोजायला काही शिल्लक नव्हतं. इंजिन मात्र भट्टी झालं होतं. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं, गास्केट जळलं, पिस्टन जाम झाले. फुटलेला पाइप काही शे रुपयांचा. बिल झालं पासष्ट हजारांच्या वर आणि गाडी पाच आठवडे गॅरेजमध्ये. इन्शुरन्सने हात वर केले, आणि पॉलिसीच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो आणि बिघाड झाल्यावरही गाडी दामटल्यामुळे झालेलं नुकसान तर नाहीच नाही.

तो मला म्हणाला, "घर फक्त थोडंसंच राहिलं होतं गं." हेच ते वाक्य. गाडी तापल्याने जितकी इंजिनं बसत नाहीत, तितकी या 'थोडंसंच राहिलंय'ने बसतात. तापलेल्या इंजिनाला तुमच्या प्रेझेंटेशनचं काही घेणंदेणं नसतं.

आता थोडं तुमच्या डॅशबोर्डबद्दल. बऱ्याच आधुनिक गाड्यांमध्ये काटा मुद्दाम 'शांत' ठेवलेला असतो. आतलं तापमान थोडं खालीवर झालं तरी तो मधोमधच राहतो, म्हणजे तुम्ही उगाच टेन्शन घेऊ नये. पण याचा अर्थ असा की तो मध्यापासून हलला, तर गोष्ट सीरियस आहे. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त एक लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे आधीच उशीर झालाय. 'ऑफिसला पोचून बघू' हा पर्याय तिथेच संपला.

पंधरा दिवसांपूर्वी मी पुन्हा जेव्हीएलआरला अडकले होते. तीच वेळ, तोच ट्रॅफिक, शेजारी तीच आई. एसी गारेगार. आईने खिडकीची काच थोडी खाली केली, कान बाहेर काढला आणि समाधानाने म्हणाली, "फिरतोय गं पंखा."

हल्ली ती रिक्षात बसली तरी ऐकते.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर एसी लावा, बोनेट उघडा आणि एकदा तुमचा पंखा फिरतोय का ते बघा!

ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा: काटा चढला तर...

• एसी लगेच बंद. काचा खाली. गाडीत हीटर असेल तर फुल गरमवर. मे महिन्यात वेड्यासारखं वाटेल, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेनेही बाहेर पडते. हे फक्त डावीकडे येईपर्यंतच.

• काटा लाल पट्टीला लागला किंवा वाफ दिसली की पार्किंग लाइट, डावी बाजू, इंजिन बंद. 'पुढच्या सिग्नलपर्यंत' नाही.

• काटा लाल होऊन अचानक खाली आला तर आनंद नको. तिथेच थांबा.

• किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. आधी बाटलीतली पातळी बघा. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनात थंड पाणी कधीच ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

• इंजिन थंड झाल्यावर, अडचणीत साधं पिण्याचं पाणी चालेल. पण गॅरेजला गेल्यावर ते काढून योग्य कूलंट भरा. नुसत्या पाण्याने आतून गंज चढतो, बोअरिंगच्या पाण्याने तर क्षारही साचतात.

• कूलंट कुठलं आणि किती वर्षांनी बदलायचं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. नुसता रंग बघून दोन वेगळी कूलंट मिसळू नका.

• बहुतेक कूलंट चवीला गोड आणि अतिशय विषारी असतं. सांडलं तर धुऊन टाका. लहान मुलं आणि सोसायटीतली कुत्री-मांजरं त्यापासून लांब ठेवा.

• पाणी खाली गळताना दिसलं तर गाडी चालवायचीच नाही. टोइंगला फोन करा. तुमच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का, ते आजच बघून ठेवा.

• आणि गॅरेजमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य, 'गाडी तापते' इतकंच नको. 'गाडी अमुक वेळी तापते' असं सांगा.